शिडीवाल्यांची शिरगणती

शहाण्या माणसानं शिडी विकत घेऊ नये. घेतलीच तर ती शेजाऱ्यांच्या नजरेस पडेल अशी घरी आणू नये. मी ती सुटीच्या दिवशी, भरदुपारी, खांद्यावर घेऊन जिन्यानं वर आणली. वळणावर तिची टोकं दोन दारांवर आपटली आणि दोन्ही दारं उघडली. त्या क्षणापासून शिडी माझी राहिली नाही, मी मात्र शिडीचा झालो. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत मी आरेखक आहे. मी काढलेल्या आराखड्यांवर रोज कितीतरी माणसं मजले चढतात, उतरतात. पण आमच्या गल्लीत विचाराल तर माझी ओळख एकच, ती म्हणजे शिडीवाले.

शिडीच्या मागोमाग ड्रिल आलं. शिडी परत करायला आलेल्या एका गृहस्थांनी ते सोबत आणलं. "हेही तुमच्याकडेच असू द्या, आमच्याकडे नुसती धूळ खातंय," असं म्हणून ते मोठ्या मनानं निघून गेले. मग तुंबलेल्या नळीतला गाळ काढायची लांब स्प्रिंग आली, घडीचा पलंग आला, कुबड्यांची जोडी आली आणि कुणाकडची तरी चाकांची खुर्ची आली. लोक वस्तू द्यायला येत, न्यायला येत, आणि मधल्या काळात त्या वस्तू आमच्या बैठकीच्या खोलीत मुक्कामाला असत. 'कोणती वस्तू कुणाकडे' या प्रश्नानं माझं डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मी रात्रवर्गात शिकलेली संगणकाची विद्या कामाला लावली आणि गल्लीसाठी एक साइट केली. चांगली चालली. लोक मोबाईलवर वस्तूचं नाव टाकत, ती मोकळी आहे का बघत आणि न्यायला येत. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आमच्या बैठकीच्या खोलीला हे मान्य नव्हतं.

"अहो," बायको एके दिवशी शांतपणे म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात स्वागतिका आहे. भेदरलेल्या माणसाला आणखी भेदरवायचं असेल तर आवाज खाली आणायचा, हे तिला पक्कं माहीत आहे. "परवा माझी मावशी आली होती. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून चाकांच्या खुर्चीवर बसली. बोलता बोलता जरा मागे रेलली, ती स्वयंपाकघरात गेली."

"लागलं का काही?"

"नाही. पण तिला वाटलं, आपण तिला घालवतोय."

तर जागा हवी होती. आमच्या गल्लीच्या टोकाला पाण्याच्या पंपाची जुनी खोली आहे. पंप केव्हाच गेला, खोली राहिली. ती वॉर्ड ऑफिसच्या ताब्यात आहे. मी रीतसर अर्ज घेऊन तिथल्या साहेबांना भेटलो. सभ्य माणूस. त्यांनी अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तरी वाचली.

"उपयोग किती लोकांना होतो?" त्यांनी विचारलं.

"खूप लोकांना."

"'खूप' हा आकडा मी कोणत्या रकान्यात लिहू?" साहेबांनी खरोखरच्या उत्सुकतेनं विचारलं. "असं आहे, त्या खोलीवर आमच्याच खात्याचाही दावा आहे. मोडक्या खुर्च्या ठेवायच्या आहेत. आणि खुर्च्यांचा आकडा आमच्याकडे आहे."

मोडक्या खुर्च्यांपुढे जितीजागती माणसं हरतील, हे मला सहन होईना. खोली कुणाला द्यायची ते त्यांच्या पुढच्या बैठकीत ठरणार होतं; तोवर आकडा आणतो, असं सांगून मी बाहेर पडलो.

आता, साइटवर किती लोक येतात हे मोजायची सोय असते, हे मला ऐकून माहीत होतं. करून माहीत नव्हतं. म्हणून मी मेहुण्याला बोलावलं. तो एका मोठ्या कंपनीत संगणकावर बसतो. काय करतो ते आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळ्यांना आदर आहे.

"भावजी, दोन ओळींचं काम!" तो म्हणाला.

जगातली पुष्कळशी संकटं दोन ओळींच्या कामातून निघालेली आहेत. लग्नाचा होकार तर एकाच शब्दाचा असतो. पण मेहुण्यानं चहा निवायच्या आत त्या दोन ओळी चिकटवल्या, एक आलेख उघडून दिला आणि जाताना "झालं!" म्हणाला. मलाही वाटलं, झालं.

आलेख ही मोठी वाईट सवय आहे. मी सकाळी उठून आलेख बघायचो, दाढी करताना बघायचो, कंपनीत लिफ्टच्या दोराची जाडी ठरवता ठरवता बघायचो. रेघ चढत होती. माणसं येत होती. मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या मापकाकांना ती रेघ दाखवली. मापकाका वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे त्यांचा जगातल्या कोणत्याही आकड्यावर चटकन विश्वास बसत नाही. स्वतःच्या वयावरही नसावा, कारण ते दर वेळी वेगळं सांगतात.

त्यांनी चष्मा वर करून रेघ पाहिली. "ही माणसं म्हणजे कोण?"

"गल्लीतली. आणखी कोण?"

"बरं. आता तुमची ती साइट एकदा उघडा, आणि मिटा."

मी उघडली आणि मिटली. आलेख एका टिंबानं वर सरकला.

"दुकानदाराचा अंगठा!" मापकाका समाधानानं म्हणाले. पारड्यावर हळूच अंगठा टेकवणारे हजारो दुकानदार पकडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. "अहो शिडीवाले, तुम्ही स्वतःलाच तोलताय!"

आलेखावरची बरीचशी गर्दी मीच होतो, हे पचायला मला एक संध्याकाळ लागली. मेहुण्यानं फोनवरून मला माझ्याच साइटच्या मोजणीतून वगळलं. रेघ दणकन खाली आली, पण जमिनीला टेकली नाही. माझ्याखेरीजही माणसं येत होती. तेवढ्या भांडवलावर मी साहेबांकडे गेलो.

साहेबांनी कागद वाचला आणि माझ्याकडे कणवेनं पाहिलं. "यात असं दिसतं, की येणारा प्रत्येक माणूस फक्त पहिलं पान बघतो आणि परत जातो. एकही माणूस आत शिरलेला नाही."

"असं कसं होईल?"

"होतं. आमच्या ऑफिसातही लोक दारातून डोकावतात, आत बघतात आणि निघून जातात. पण त्याला आम्ही 'उपयोग' म्हणत नाही."

घरी येऊन मी मेहुण्याला फोन लावला आणि नातं सांभाळून जेवढं बोलता येतं तेवढं बोललो.

"त्याचं काय आहे भावजी," तो म्हणाला, "तुमची साइट एकपानी आहे. पान एकदाच उघडतं. मग माणूस शिडी बघू दे, ड्रिल बघू दे, आतला मजकूर तेवढा बदलतो, पान काही नव्यानं उघडत नाही. मोजणारा बसलाय बाहेर दाराशी. माणूस आत आला, एवढंच त्याला दिसतं. आतमध्ये तो कुठल्या खोलीत हिंडला, हे त्याला कोण सांगणार? दर वेळी आतला मजकूर बदलला, की आपणच त्याला हाक मारून सांगायचं, 'बाबा रे, आता हा शिडीकडे गेला.'"

"आणि हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दोन ओळींना हो म्हणालात. ही तिसरी ओळ."

तिसरी ओळ मी माझ्या हातानं लिहिली. मानी माणसाचं असंच असतं, एकदा अपमान झाला की तो शिकायला लागतो. दुसऱ्या दिवशी आलेख बघितला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. रेघ उभी चढली होती. आमच्या कंपनीतली सगळ्यात वेगवान लिफ्टसुद्धा एवढी सरळ जात नाही. मी बायकोला हाक मारली. तिनं पाहिलं आणि पहिल्यांदाच "बरं दिसतंय हो," असं म्हणाली. त्या आनंदात आम्ही शेजाऱ्यांना गोड वाटलं. कंपनीत मी सहज म्हणून चार जणांना सांगितलं, त्यातल्या दोघांनी विचारलंही नव्हतं.

गोडाची वाटी परत करायला मापकाका आले आणि बसले. "यादी दाखवा," म्हणाले. "एकूण वजनाला अर्थ नाही. पोतं सोडून बघायचं असतं."

लोकांनी काय काय बघितलं त्याची यादी मी उघडली. मापकाका मोठ्यानं वाचू लागले. "शि. शिड. शिडी. कु. कुब. कुबड. कुबड्या..." मग ते थांबले. यादी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "शिडीवाले, आपल्या गल्लीत सांड कुणाला हवाय?"

"काय?"

"इथं लिहिलंय. सांड. पुष्कळ जणांनी शोधलाय."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तो मी ठेवून घेणार नाही," ती म्हणाली. "आत्ताच सांगते."

उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. माझी तिसरी ओळ इतकी तत्पर होती, की माणसानं शोधायच्या चौकटीत एकेक अक्षर टाकलं की ती दर अक्षराला 'आणखी एक आला!' अशी आरोळी ठोकत होती. एखाद्या गरजवंतानं 'सांडपाण्याच्या नळीची स्प्रिंग' शोधली की तो वाटेत 'सांड'वरून जाई. एकटा माणूस घरात बसून नळी तुंबल्याची तक्रार करत होता आणि आमच्या आलेखात त्याचा मोर्चा निघत होता.

"काटा स्थिर होईपर्यंत वजन वाचायचं नाही," मापकाका उठता उठता म्हणाले. "पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला."

माणूस लिहायचा थांबला की मगच मोजायचं, अशी दुरुस्ती केली. रेघ पुन्हा खाली आली. वाटलेलं गोड काही परत मागता येत नाही.

इथवर नुकसान फक्त माझ्या अब्रूचं होत होतं. ते मी सोसलं असतं. पण मापकाकांना सांडाची गोष्ट इतकी आवडली, की त्यांनी ती जिन्यात दोनदा आणि दुधाच्या दुकानात एकदा सांगितली. ऐकणारे हसले, आणि हसून झाल्यावर विचार करू लागले. कोण काय शोधतंय, हे शिडीवाल्यांना दिसतं! मी गल्लीतून जाऊ लागलो की लोक मोबाईल खिशात घालू लागले. एरवी माझ्याशी हवापाण्याचं बोलणारे हवेकडे बघू लागले. समोरच्या इमारतीतल्या एक काकू मला कोपऱ्यात गाठून म्हणाल्या, "तुम्हाला कळलं असेलच म्हणा, आम्ही घडीचा पलंग का शोधत होतो ते."

"नाही हो, मला..."

"दिराला वेगळं झोपवावं लागतंय. आता तुमच्यापासून काय लपवायचं?" आणि त्यांनी मला सगळी हकिगत सांगितली. त्यात दीर होता, जाऊ होती, घोरणं होतं आणि एक जुनं भांडणही होतं. मला खरोखर काहीही माहीत नव्हतं. नको असताना माहीत झालं. त्यानंतर आणखी दोघांनी मला आपापल्या घरातल्या गोष्टी 'तुम्हाला ठाऊक आहेच' म्हणून सांगितल्या. मी पाळत ठेवली असती तरी मला इतकं कळलं नसतं.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई आल्या. त्या आमच्याकडे येतात तेव्हाही कोर्टात उभं राहावं तशा दारातच उभ्या राहतात.

"तुम्ही लोकांना न विचारता मोजताय?"

"नावं नाही हो मोजत. कोण ते मला दिसतच नाही. नुसतं काय शोधलं ते..."

"मग तसं सांगा. आणि विचारा. 'नको' म्हणणाऱ्याला मोजू नका. मी मसुदा करून देते."

मसुदा आला. 'प्रस्तुत संकेतस्थळावर प्रवेश करणाऱ्या व्यक्तीस यापुढे अभ्यागत असे संबोधण्यात येईल' इथून त्याची सुरुवात होती. बोटानं वर सरकवत सरकवत शेवटापर्यंत जायला अंगठा दुखे. साधी शिडी न्यायला आलेल्या माणसाला मध्ये चार उपकलमं लागत.

बायकोनं तो वकीलबाईंसमोरच वाचला आणि बाजूला ठेवला. "दवाखान्यात माणूस आ वासून बसलेला असतो. त्याला आपण एवढं वाचायला देतो का? 'थोडं दुखेल, चालेल ना?' एवढंच विचारतो." मग तिनं स्वतः लिहिलं, "कोणत्या वस्तू लागतात ते कळावं म्हणून आम्ही शोधलेले शब्द मोजतो. कुणी शोधले ते आम्हाला दिसत नाही. चालेल का?" खाली दोन बटणं. चालेल. नको.

वकीलबाईंनी ते तीनदा वाचलं. काहीतरी खोट काढावी असं त्यांना फार वाटत होतं. "'थोडं दुखेल' काढलंत ते बरं केलंत," एवढंच त्या म्हणाल्या.

पाटी लागली. गल्ली निवळली. लोक पुन्हा माझ्याशी हवापाण्याचं बोलू लागले. आणि आलेखावरची रेघ जमिनीवर अशी आडवी झाली, की पुन्हा उठेल असं वाटेना. निम्म्याहून अधिक लोकांनी 'नको' दाबलं होतं.

बैठक जवळ आली होती. मेहुणा घरी आला, रेघ बघितली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भावजी, हे माझ्यावर सोडा. आमच्या ऑफिसात माणसं रिकामीच असतात. दिवसभर थोडं थोडं क्लिक करतील. कुणाला कळणारही नाही."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. मला मोडक्या खुर्च्या दिसू लागल्या, एकावर एक रचलेल्या, माझ्याकडे बघून हसणाऱ्या. मी बायकोकडे पाहिलं. खोली तिलाच जास्त हवी होती.

"नको," ती भावाला म्हणाली. "ते साहेब यांना काहीतरी विचारणार, आणि खोटं बोलताना यांचे कान लाल होतात. आमच्या लग्नाच्या फोटोतही दिसतात."

"ताई, लग्नात काय खोटं बोलले?"

"स्वयंपाक येतो म्हणाले होते."

मेहुणा गेला. मी उदास होऊन बसलो. बायकोनं माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि आलेख बाजूला सारून यादी वाचू लागली. निम्म्याहून अधिकांनी 'नको' म्हटलं तरी उरलेल्यांनी 'चालेल' म्हटलं होतं, आणि ते काय शोधत होते ते त्यात होतं. वाचता वाचता ती थांबली.

"अहो, हे काय? 'चाकाची खुर्ची' शोधली, काही सापडलं नाही. 'कुबडी' शोधली, काही सापडलं नाही. आपल्याकडे तर दोन्ही आहे."

मी पाहिलं आणि माझे कान लाल झाले. खोटं न बोलताच. साइटवर मी खुर्चीचं नाव 'व्हीलचेअर' असं लिहिलं होतं आणि कुबडीचं 'कुबड्या'. माझी साइट अक्षराला अक्षर जुळल्याशिवाय दार उघडत नव्हती. कुणीतरी घरात पाय मोडून बसलं होतं, 'कुबडी' म्हणून हाक मारत होतं, आणि आम्ही 'काही सापडलं नाही' असं कोरडेपणानं कळवत होतो. तेव्हा कुबड्या आमच्या दाराच्या मागे टेकून उभ्या होत्या. वॉर्ड ऑफिसला नावं ठेवता ठेवता मी स्वतःच एक छोटंसं वॉर्ड ऑफिस चालवत होतो.

"आकड्याचं राहू द्या," बायको म्हणाली. "ही यादी बघा. दुखतं कुठे, ते इथं लिहिलंय."

पुढचे काही दिवस आमच्या घरात नामकरणाची सभा भरत होती. कोणत्या वस्तूला कोण काय म्हणतं, ते सगळं साइटला शिकवायचं ठरलं. गाळ काढायच्या स्प्रिंगला कुणी 'तार' म्हणे, कुणी 'साप'. एका काकांच्या घरात तिला 'ते' म्हणत, कारण तिचा विषय निघाला की त्यांची बायको चिडायची. मापकाकांचा आग्रह होता, की एका वस्तूला एकच अधिकृत नाव असावं. वकीलबाईंनी त्यांच्याशी वाद घातला आणि पहिल्यांदाच आमच्याकडे खुर्चीवर बसल्या. चाकांच्याच. पण त्यांनी पाय रोवून ठेवले होते.

नावं जुळली तशा वस्तू घराबाहेर पडू लागल्या. कुबड्या गेल्या. चाकांची खुर्ची गेली. यादीत मात्र एक गोष्ट उरली, जी आमच्याकडे कोणत्याच नावानं नव्हती. 'उताराची फळी'. 'पायरीवरून खुर्ची उतरवायला फळी'. नुसतंच 'फळी'. कुणीतरी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शब्दांत विचारत होतं.

"कुणीतरी घरातून बाहेर पडू बघतंय," बायको म्हणाली, "आणि दारात पायरी आहे."

कोण, ते आम्हाला दिसत नव्हतं. दिसू नये अशी तजवीज आम्हीच केली होती.

मी कागद घेतला. इतकी वर्षं माणसांना वर-खाली नेणारी यंत्रं काढतोय, पण स्वतःच्या गल्लीसाठी मी पहिल्यांदाच काहीतरी काढत होतो. गल्लीत फिरून पायऱ्यांची उंची घेतली. उतार किती ठेवला तर बसणाऱ्याला भीती वाटणार नाही आणि ढकलणाऱ्याला दम लागणार नाही, ते बघितलं. मापकाका टेप धरायला आले आणि माझ्या प्रत्येक मापावर शंका घेऊन गेले. कोपऱ्यावरच्या सुतारानं मजबूत फळी कापली, दोन्ही कडांना कठडे ठोकले, म्हणजे चाक घसरायला नको. साइटवर मी तिची जितकी नावं सुचली तितकी लिहिली.

मग मी साहेबांकडे गेलो. आकडा सांगितला. लहान होता, तसाच सांगितला. किती लोकांनी 'नको' म्हटलं तेही सांगितलं. आणि सोबत यादी दिली. लोकांनी काय मागितलं, काय मिळालं, काय मिळालं नाही, आणि न मिळालेल्यातलं आता काय काय मिळू लागलं.

साहेब बराच वेळ वाचत राहिले. या खेपेला मागची बाजूही भरलेली होती.

"हे 'साप' काय आहे?"

"तुंबलेल्या नळीची स्प्रिंग."

"आमच्याकडे त्याला 'नागीण' म्हणतात," ते म्हणाले. "तेही लिहून घ्या." मग त्यांनी पेन उघडलं. "अहो, त्या खुर्च्या इतकी वर्षं आमच्याकडे आहेत. त्यांनी कधी काही मागितलेलं नाही. खोली देतो, तात्पुरत्या स्वरूपात."

माझा चेहरा पडलेला बघून ते हसले. "घाबरू नका. मीही इथं तात्पुरताच लागलो होतो. तेव्हा डोक्यावर केस होते."

सामान हलवायच्या दिवशी गल्लीतली बरीच माणसं आली. काही मदतीला आली, काही सल्ला द्यायला, आणि सल्लेवाल्यांची संख्या नेहमीप्रमाणे दणदणीत होती. मेहुणाही आला. पंपाच्या खोलीला दारात उंच पायऱ्या, म्हणून जड वस्तू चढवायला आम्ही नवी फळी तिथंच टाकली. काम संपत आलं होतं, तेवढ्यात पलीकडून चाकांची करकर ऐकू आली.

खुर्चीत घड्याळजी होते. ते आमच्या गल्लीतले घड्याळं दुरुस्त करणारे. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्यांना कुणी बाहेर पाहिलं नव्हतं. दुकान बंद होतं, आणि आपल्या घरातली घड्याळं मागं पडली आहेत, हेही लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. खुर्ची त्यांची बायको ढकलत होती. त्यांच्या घराला पायरी नव्हती, पण गल्लीत यायला इमारतीपुढचा जो उंच ओटा ओलांडावा लागतो तो त्यांना आजवर अडवत होता. कुणीतरी धावत जाऊन फळी तिथं नेली. खुर्ची वर चढली आणि हळूच पलीकडे उतरली. घड्याळजींनी गल्लीवर नजर फिरवली. कुठल्या दुकानाचा रंग बदलला, कुठलं झाड वाढलं, ते सगळं त्यांनी बिघडलेलं यंत्र बघावं तसं बारकाईनं पाहून घेतलं.

मी पुढे झालो. "तुम्ही शोधत होतात, ते आम्हाला दिसलं. पण तुम्हीच, हे माहीत नव्हतं. 'चालेल' म्हणालात म्हणून कळलं तरी."

"मी?" घड्याळजी म्हणाले. "मी तर 'नको' दाबलं होतं."

"का हो?"

"सवय. कुणी 'चालेल का' म्हणालं की माझ्या तोंडून आधी 'नको' निघतं. हिला विचारा."

"लग्नाला तिसऱ्या वेळी हो म्हणाले," त्यांच्या बायकोनं सांगितलं.

"आणि फळी मी शोधलीच नाही," घड्याळजी म्हणाले. "खुर्ची आणली होती, ती घरातच फिरवत होतो. आज सकाळी खिडकीतून ही फळी जाताना दिसली, तेव्हा डोक्यात आलं."

मापकाकांनी चष्मा वर केला. "मग फळी कोण शोधत होतं?"

आम्ही सगळ्यांनी गल्लीतल्या खिडक्यांकडे पाहिलं. कितीतरी खिडक्या होत्या. त्यातल्या एकीमागे कुणीतरी अजून बसलं होतं, आणि वेगवेगळ्या शब्दांत विचारून बघत होतं.

मेहुणा पुढे सरसावला. "भावजी, तेही शोधून काढता येईल! एकाच ओळीचं..."

"नको!" सगळे एकदम ओरडले. त्यात वकीलबाई होत्या, मापकाका होते, माझी बायको होती आणि सगळ्यात मोठा आवाज घड्याळजींचा होता.

"ज्याचं त्याला कळेल," बायको म्हणाली. "फळी आहे, एवढं दिसलं की येतील. पण एकच असून चालणार नाही. ही तर आता घड्याळजींना रोजच लागेल."

घड्याळजींनी या वेळी 'नको' म्हटलं नाही. मी सुताराकडे जायला निघालो. चार पावलं गेलो असेन, तर मागून त्यांची हाक आली.

"ओ! दुसरी जरा रुंद करा हो! हिच्या कठड्याला माझं कोपर घासतं!"

मी परत आलो, त्यांना हात पसरायला सांगितलं, कोपरापासून कोपरापर्यंत टेप लावला आणि माप तळहातावर लिहून घेतलं.